खापर आणि कुंभार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

पदव्युत्तर शिक्षणासाठी पुरातत्त्व घ्यावे की मानववंशशास्त्र, असे तू विचारले आहेस. प्रवेशअर्जावर एकच विषय लिहावा लागेल, पण अभ्यासात दुसऱ्याला अंतर देऊ नकोस. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९३९ साली संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हा पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे हे दोघेही तेथे रुजू झाले व पुढे गुजरातेतील लांघणज येथे त्यांनी एकत्र काम केले. हा शेजार मला फार मोलाचा वाटतो.

इनामगावचे उदाहरण घे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे सोबत वापरली जात त्या काळातील, घरांच्या जमिनीखाली दफने सापडली. लहान मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून, पुरलेले होते. प्रौढांच्या सांगाड्यांना बहुधा घोट्याखालची पावले नव्हती. मृताने भूत होऊन भटकू नये म्हणून ती तोडली असावीत, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. तो मलाही पटतो. तरी मातीत दिसले ते पावलांचे नसणे, भीती नव्हे. आजच्या समाजांतील मृत्युसंस्कार जवळून पाहिले म्हणजे असे अर्थ सुचतात, आणि त्यांना पर्यायही तिथेच सापडतात.

उत्खननाच्या माझ्या पहिल्या हंगामात राखेचा पट्टा दिसताच मी वहीत ‘चूल’ असे लिहून मोकळा झालो. राखेखालची माती भाजलेली होती की राख दुसरीकडून आणून टाकली होती, हे नोंदवलेच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो थर खणून गेला. म्हणून वहीच्या डाव्या पानावर फक्त दिसलेले लिही आणि अनुमानासाठी उजवे पान राखून ठेव.

इनामगावातही आढळणाऱ्या जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचे चांगले भाजलेले खापर टिचकी मारली की खणखणते. तो नाद कुठून येतो, हे पुस्तकापेक्षा भट्टीजवळ लवकर कळते. पावसाळ्यात कुंभाराचे काम मंदावते; दिवाळीनंतर एखाद्या कुंभारवाड्यात आठवडाभर बस, माती मळण्यापासून भाजण्यापर्यंतच्या प्रत्येक कृतीला ते लोक वापरतात तोच शब्द लिहून घे, आणि ती वही मला वाचायला पाठव.

तुझा,
एक जुना शिक्षक