दारचा नांदरूक आणि फळातली चिलटं

प्रश्न : सर, नमस्कार. नंदगडला आमच्या दारात सासऱ्यांच्या आधीपासूनचा नांदरूक आहे. बारमाही हिरवागार, उन्हाळ्यात अर्धी गल्ली त्याच्याखाली बसते. पण २२ वर्षांत त्याला फूल आलेलं मी पाहिलं नाही, फळांचा मात्र सडा पडतो. फळ फोडलं की आत चिलटं. यंदा शेंड्याची पानं दुमडलीत, त्यात काळे किडे आहेत. कंपाऊंडलाही तडा गेलाय. शेजारी म्हणतात, किडकं झाड आहे, काढून टाका. पुण्याचा भाचा म्हणतो, हा नांदरूक नव्हेच, नर्सरीतला बेंजामिना, म्हणजे त्याच जातकुळीतलं शोभेचं झाड आहे. काय करावं?
— एक वाचक, नंदगड

उत्तर : ताई, कुऱ्हाड आधी लांब ठेवा. तुमचं झाड किडकं नाही.

पत्र वाचलं आणि परसातल्या नांदरुकाचं एक अर्धवट पिकलेलं फळ तोडून आणलं. देठ असा नाहीच. पानाच्या बगलेत दोन-दोन फळं जोडीनं चिकटलेली असतात, वाटाण्याएवढी. ब्लेडनं उभं कापलं तेव्हा बोटाला पांढरा चीक लागला. भिंग धरलं, तर आतल्या पोकळीच्या भिंतीवर केसराच्या टोकांसारखी शेकडो बारीक फुलं दाटीनं बसलेली. तुम्ही २२ वर्षं शोधताय ती हीच. वड, पिंपळ, उंबर, अंजीर, सगळ्यांचं असंच. आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलं आत घेऊन मिटलेली पिशवी असते, आणि तिच्या टोकाला एक सूक्ष्म भोक.

त्या भोकातून एक कीटक आत शिरतो. गांधीलमाशीची दूरची नातलग, पण जेमतेम दोन मिलिमीटरची मादी. वाट इतकी अरुंद की शिरताना तिचे पंख तुटतात. दुसऱ्या झाडावरून आणलेले परागकण ती आतल्या मादीफुलांना लावते, आखूड फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. पुढं त्या अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंख नसतात. मीलन करून ते फळाला बाहेर जायची वाट पोखरतात. त्या वाटेनं नव्या माद्या पराग घेऊन उडतात. वडाची माशी वडाची, नांदरुकाची नांदरुकाची. ही चिलटं नसती तर नांदरुकाला बी धरलं नसतं. मी ३१ वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं. दरवर्षी हा तास आला की माझ्याच अंगावर काटा यायचा.

आता भाच्याचं. बेंजामिनाच्या पानाचं टोक लांब निमुळतं होत शेपटीसारखं लोंबतं, फांद्याही खाली झुकतात. नांदरुकाचं पान जाड, तुकतुकीत, टोक आखूड आणि बोथट. वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसच्या मुलानं, धाकट्या लिनियसनं १७८२ मध्ये याला फायकस मायक्रोकार्पा म्हटलं, म्हणजे बारीक फळांचा. तुमच्या गावात इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीजवळचा वड आहेच, त्याचं एक पान आणून शेजारी ठेवा : वडाचं तळहाताएवढं, याचं बोटाएवढं. पारंब्या यालाही फुटतात, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बहुतेक दाढीसारख्या लोंबत राहतात, जमिनीत जाऊन खांब क्वचितच होतात. पिंपळासारखा हा कधी निष्पर्ण होत नाही. थोडी गळतात, थोडी फुटतात. कोवळ्या शेंड्याला टोकदार टोपी असते. ती गळाली की फांदीवर कडं उमटतं, तसंच फणसाच्या फांदीवरही बघा. दोघं एकाच कुळातले.

दुमडलेल्या पानांतले काळे किडे वेगळे. ते फुलकिडे, पानाचा रस शोषतात. झाड मरत नाही. हाताला येणारे शेंडे खुडून जाळून टाका. फळं धरलेली असताना फवारणी मात्र नको, त्यात परागण करणाऱ्या माश्याही जातील. आणि पहाटे तांबट, बुलबुल, रात्री वटवाघळं हीच फळं खायला येतात.

उरली भिंत. इथं मी हात जोडून सांगतो. आमच्या गल्लीत एका ठेकेदारानं भिंतीच्या पायासाठी झाडाची एका बाजूची सगळी मुळं तोडली. वर पानं तशीच हिरवी, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पहिल्याच वळवात झाड उलथलं. खाली गुरं बांधलेली होती. तेव्हा मूळ तोडू नका, तेवढ्या जागी भिंतीलाच वळण द्या, नाहीतर मुळावरून कमान घ्या. तड्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेली रोपं दिसली तर ती मात्र वीतभर असतानाच उपटा. काम काढण्याआधी गवंड्याला हे उत्तर वाचून दाखवा.