राजधानी पाहताना इतकी दमछाक का होते?

प्रश्न : एक वर्षाआड एखाद्या देशाची राजधानी सहकुटुंब पाहायची, असे आम्ही ठरवले आहे. पहिल्याच सहलीत तीन दिवसांत चौदा ठिकाणे पाहण्याचा बेत होता. परंतु दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई एका पायरीवर बसल्या त्या उठेनात, आणि सात व तेरा वर्षांच्या मुलांची भांडणे जुंपली. पुढच्या वेळी आखणी कशी करावी?

उत्तर : चौदा हा आकडा मोठा आहेच, पण खरा घोटाळा बहुधा नकाशा वाचण्यात झाला असावा. राजधानीचा शासकीय भाग पुष्कळदा संचलनासाठी आणि दुरून दिसणाऱ्या भव्यतेसाठी आखलेला असतो, त्यामुळे तेथील अंतरे डोळ्यांना फसवतात. दिल्लीत राष्ट्रपती भवन आणि इंडिया गेट एका सरळ रेषेत समोरासमोर दिसतात, तरी त्यांच्यामध्ये सुमारे तीन किलोमीटर अंतर आहे. वॉशिंग्टनमध्ये संसदभवनापासून लिंकन स्मारकापर्यंत साडेतीन किलोमीटरांच्या आसपास चालावे लागते. १९६० मध्ये राजधानी झालेली ब्राझिलिया तर मोटारी गृहीत धरूनच वसवली गेली. अशा शहरात ‘समोरच तर दिसते आहे’ म्हणून पायी निघू नये, आणि लहान टप्प्यासाठीही वाहन करण्यात कमीपणा मानू नये.

याउलट लंडन किंवा पॅरिससारख्या, शतकानुशतके वाढत गेलेल्या राजधान्यांमध्ये ठिकाणे तुलनेने जवळ असतात, पण तेथे पायऱ्या छळतात. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ मध्ये आणि पॅरिसची १९०० मध्ये सुरू झाली. त्या काळी लिफ्टचा विचार आजच्यासारखा झालेला नव्हता, म्हणून त्यांच्या अनेक स्थानकांत फलाटापर्यंत पायऱ्यांनीच जावे लागते. २००२ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली मेट्रोत ही अडचण सहसा येत नाही. सासूबाई बरोबर असताना जुन्या शहरात बसने फिरणे अधिक सोयीचे ठरते. शिवाय खिडकीतून शहरही दिसते, हा लाभ भुयारात नाही.

यादी करताना सर्वांत आधी साप्ताहिक सुट्टी पाहावी. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तर पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. लंडनच्या राजवाड्यासमोरील पहारेबदलही रोज होत नाही. राष्ट्रीय सणांच्या आसपास रस्ते आणि वास्तू पर्यटकांना बंद होतात, आणि सुरक्षा तपासणीचा वेळ तर आपण कधी धरतच नाही. वॉशिंग्टनच्या संसदभवनात पाण्याने भरलेली बाटलीसुद्धा आत नेता येत नाही.

माझे मत विचाराल, तर दिवसाला एकच मोठे ठिकाण, तेही सकाळी, असा नेम ठेवावा. दुपारी सासूबाईंना विश्रांती मिळावी आणि मुलांना बागेत मोकळे सोडावे. संध्याकाळी उत्साह उरला तर दुसरे लहानसे ठिकाण घ्यावे. कुटुंबातील प्रत्येकाने एकेक ठिकाण निवडावे, म्हणजे तीन दिवसांची यादी आपोआप आटोपशीर होते. तेरा वर्षांच्या मुलाची निवड मात्र मोठ्यांनी मोडीत काढू नये.

प्रश्न : मुलांना संग्रहालये कंटाळवाणी वाटतात. ती वगळावीत का?

उत्तर : वगळू नयेत, पण संपूर्ण पाहण्याचा हट्ट सोडावा. वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियनची संग्रहालये आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम यांच्या कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे तासाभरात बाहेर पडले तरी पैसे वाया गेल्याची हळहळ वाटत नाही. शुल्क असलेल्या संग्रहालयात आधी दोन-तीन दालने निवडून थेट तिकडे जावे, आणि आत व्हीलचेअर मिळते का, याची चौकशी प्रवेशद्वाराशीच करून घ्यावी. अनेक मोठ्या संग्रहालयांत ती विनामूल्य मिळते, पण मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही.