हॉल फुकट मिळतोय म्हणून विषय बदलू नका

तुमची पोस्ट वाचली. कोल्हापुरात राजारामपुरीत एआय आणि सामाजिक न्यायावर चर्चा सुरू केली, कॉम्प्युटरवाले एकीकडे, समाजशास्त्रवाले दुसरीकडे, आणि तिसऱ्या बैठकीला नऊच टाळकी. वाचून हसू आलं, कारण तीन वर्षांपूर्वी मी इथंच अडकलो होतो. चहा, खुर्च्या, व्हॉट्सॲप ग्रुप हे तुम्हाला जमतंच, ते सोडतो. (मी प्राध्यापक नव्हे, शिरोलीत फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवतात त्या कारखान्यात, क्वालिटी बघतो. तेवढं धरून वाचा.)

आमची पहिली बैठक 'बायस' या एका शब्दात गेली. न्यूरल नेटवर्कवाल्या (एआयच्या आतलं गणित करणाऱ्या) पोराच्या डोक्यात बायस म्हणजे गुणाकार-बेरजेत शेवटी मिळवायचा आकडा. संख्याशास्त्राच्या सरांच्या डोक्यात अंदाज कायम एकाच बाजूला कलणं. समाजशास्त्राच्या मॅडमच्या डोक्यात पूर्वग्रह. तिघंही बरोबर, आणि दोन तास भांडण. तेव्हापासून व्याख्या बंद, आधी प्रसंग. आमचा प्रसंग रेशन दुकानातला होता: भांडी घासून, ऊस तोडून बोटं झिजलेल्या बायकांचा अंगठा मशीन घेत नाही.

आता माझी खरी चूक. एका कार्यालयानं हॉल फुकट देतो म्हटलं. पत्र द्या, वक्त्यांची यादी द्या, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. चार खेपा घालून झाल्यावर निरोप आला की शीर्षकातलं 'सामाजिक न्याय' काढा, राजकीय वाटतं. अहो, 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकरीत 50 टक्के जागा राखल्या ते गाव हे! 26 जूनला शाहू जयंतीला हीच मंडळी सामाजिक न्याय दिनाचा बॅनर लावतात. पण मी मान हलवली. फुकटचा मोह, दुसरं काय. पाटी लागली 'एआय आणि उज्ज्वल भविष्य', वेळ बुधवारी सकाळी अकराची.

हॉल भरला. सर्टिफिकेट मिळणार म्हणून कॉलेजची पोरं आली आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. ज्या दोन मावशींना मी महिनाभर घरी जाऊन तयार केलं होतं, त्या दारापर्यंत आल्या, एकीनं पाटी वाचली. "आमचं काय काम हितं?" म्हणाल्या आणि परत गेल्या. दोघींनी दिवसाची हजेरी बुडवली होती. नंतर कितीदा बोलावलं, आल्या नाहीत. मला त्यांना दोष देता येत नाही.

दोन्ही गटांना जोडायचं तर माझ्या मते चुका दोन प्रकारच्या असतात तिथून सुरुवात करा. फौंड्रीत चांगला पीस रिजेक्ट होतो किंवा खराब पीस पास होतो. तपासणीची रेघ सरकवली की एक कमी होते, दुसरी वाढते. माणसांच्या बाबतीत प्रश्न एवढाच की चुकीच्या रिजेक्शनचा खर्च कोणाच्या माथी? नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानात फसवणूक शोधताना हजारो पालकांवर खोटा ठपका आला, दुहेरी नागरिकत्वसुद्धा जोखमीत धरलं गेलं होतं, आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. हे सांगितलं की इंजिनिअर पोरं गप्प होतात. मग कोणी म्हणतोच, "अल्गोरिदमला जात दाखवूच नका." त्यावर मॅडम आडनाव आणि पिनकोड दाखवतात, त्यांवरूनही जातीचा अंदाज लागतोच; मी 1902 चा हुकूम दाखवतो. महाराजांनी जात बघूनच जागा राखल्या होत्या. इथून जी चर्चा रंगते ती आवरत नाही. अर्थात तुमचा गट वेगळा असेल, हाच उपाय चालेल असं छातीठोक सांगत नाही.

जाता जाता, गळीत हंगामात ऊसतोडवाल्यांकडून संध्याकाळची अपेक्षा धरू नका, आपणच फडावर जावं. आणि बैठकीत टेबलावर मी एक रिजेक्ट कास्टिंग (फौंड्रीतला ओतीव पीस) ठेवतो, बोलणं लगेच सुरू होतं. हवं असेल तर कळवा. जड आहे, चारचाकी घेऊन या.