सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट, त्याच्या अ‍ॅमस्टरडॅममधल्या घरात त्याची चित्रंच नाहीत म्हणे, मग तिथे जावं का?

तुम्ही लिहिलंय की हाताशी दीडच दिवस आहे आणि राइक्सम्युझियम हे तिथलं मोठं कलासंग्रहालय तर बघणारच आहात, मग या घराचं वेगळं तिकीट कशाला. माझं मत, काढा. फक्त 'नाइट वॉच' या त्याच्या गाजलेल्या चित्रासारखं काही दिसेल म्हणून जाऊ नका. त्याच्या हातची तैलचित्रं शोधायला गेलात तर हिरमोड होईल. भिंतींवर आहेत ती बहुतेक त्याच्या गुरूची, म्हणजे पीटर लास्टमानची, शिष्यांची आणि त्या काळातल्या इतरांची. खाटा-खुर्च्याही त्याच्या नाहीत, त्या काळातल्या शोधून आणून मांडल्यात.

हे कळल्यावर मीही नाक मुरडलं होतं. मत बदललं ते अण्णांमुळे. माझे वडील तालुका कोर्टात बेलिफ होते, जप्त्या करण्यात उभी नोकरी गेली. चित्रकलेशी संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरपुरता. ऑडिओ गाइडमधलं मी त्यांना मराठीत सांगत होतो, ते 'हं, हं' करत होते. एका वाक्याला मात्र थांबले : हे घर जप्तीच्या यादीवरून पुन्हा लावलंय.

झालं असं की १६३९ साली, नाव जोरात असताना, रेम्ब्रांटने योडेनब्रेस्ट्रातवरचं हे घर १३,००० गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) हप्त्यांवर घेतलं. कमाई चांगली होती, पण लिलाव दिसला की हात थांबत नसे. चित्रं, शंख-शिंपले, शस्त्रं, रोमन सम्राटांचे पुतळे, काय वाटेल ते. घराचे पैसे काही फिटले नाहीत. १६५६च्या जुलैत दिवाळं निघालं आणि दोन दिवस बसून लोकांनी घरातल्या सामानाची खोलीवार नोंद केली, ३६३ कलमं. सामानाचा लिलाव झाला, १६५८मध्ये घरही विकलं गेलं आणि तो रोझेनग्राख्तवर भाड्याच्या घरात राहायला गेला. पुढे घराची बरीच मोडतोड झाली. १९११मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं, पण आतलं सतराव्या शतकातलं रूप उभं राहिलं ते १९९०च्या दशकाच्या शेवटी, त्याच यादीच्या आधाराने. कुठल्या खोलीत काय होतं ते लिहून ठेवलेलं होतं ना!

अण्णांनी विचारलं, "शेवटचं कलम काय आहे?" मी शोधलं. धुवायला गेलेले कपडे : सदरे, रुमाल, मेजावरची कापडं, कॉलरी. अण्णा खूश. म्हणाले, "परटाकडचं पण सोडलं नाही. काम करणारा माणूस पक्का होता."

त्यानंतर ते प्रत्येक खोलीत पंचनामा केल्यासारखे फिरले. भिंतीतल्या कपाटासारख्या पलंगापाशी बराच वेळ रेंगाळले. तो इतका आखूड, की माणूस झोपणार कसा? तेव्हा उशांना टेकून अर्धवट बसूनच झोपायचे म्हणे. 'नाइट वॉच' पुरं झालं त्याच वर्षी, १६४२मध्ये, रेम्ब्रांटची बायको सास्किया याच घरात वारली.

तुम्ही वेळ द्या तो वरच्या चित्रशाळेला आणि छपाईच्या प्रात्यक्षिकाला. चित्रशाळेत उत्तरेकडच्या खिडक्यांतून एकसारखा मऊ उजेड येतो. तिथे रंग वाटून दाखवतात : दगडी पाटा, वर काचेचा वरवंट्यासारखा गोळा, रंगाची पूड आणि जवसाचं तेल. आपल्याकडे चटणीला लागतं ते जवस! छपाईत तांब्याच्या पत्र्यावर शाई चोपडतात, मग कापडाने आणि शेवटी तळव्याने अलगद पुसतात, ओरखड्यांत राहील तेवढीच ठेवतात. वर ओलसर कागद, मग रुळांमधून दाब. कागद सोलून काढताना सगळे गप्प होतात. रेम्ब्रांटची एचिंग्ज, म्हणजे पत्र्यावरून अशी काढलेली छापचित्रं, मात्र इथे भरपूर आहेत, त्याने केलेली जवळजवळ सगळी या संग्रहात आहेत. नाजूक असल्याने एका वेळी थोडीच मांडतात.

आणखी एक, खास आपल्यासाठी. या माणसाने देश कधी सोडला नाही, पण मुघल लघुचित्रं त्याच्यापर्यंत पोचली होती. डच जहाजं सुरतेला येत-जात होतीच. शाहजहानसकट वीसेक चित्रं त्याने जपानी कागदावर स्वतःच्या हाताने उतरवली. ती आज जगभर विखुरलेली आहेत, इथे दिसतीलच असं नाही. पण शंखांनी आणि पुतळ्यांनी गच्च भरलेल्या त्या संग्रहाच्या खोलीत उभं राहिलं की ती मुघल चित्रं त्याच्यापर्यंत कशी पोचली असतील ते लक्षात येतं.

तिकीट आधी ऑनलाइन काढा. मेट्रोचं स्टेशन वॉटरलूप्लाइन, तिथून चालत दोन-चार मिनिटं. शेजारीच जुना बाजार भरतो. जुन्या घरातले जिने अरुंद आणि गोल आहेत, गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर सावकाश. अण्णा दोरीला धरून चढले आणि उतरताना पायऱ्या मोजत होते.