खंडेनवमीला शॉप चकाचक, बाकी वर्षभर तेलच तेल

प्रश्न : सर नमस्कार, भोसरीत एका छोट्या मशीन शॉपला सुपरवायझर आहे. लेथ आणि सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) आजूबाजूला कायम कूलंट (धातू कापताना गार ठेवायला सोडतात ते पातळ), तेल सांडलेलं असतं, आम्ही त्यावर भुसा टाकतो. मागच्या महिन्यात एक पोरगा घसरला, हात टेकला तो नेमका चिप्सच्या, म्हणजे धातू कापताना निघणाऱ्या धारदार तुकड्यांच्या ढिगात, टाके पडले. मालक म्हणतात हेल्परला झाडायला सांग पण मशीन थांबवू नको, ऑपरेटर म्हणतात झाडू मारणं आमचं काम नाही. काय करू?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : दादा, झाडू थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी तेल येतंय कुठून ते बघा. फाटलेला होज, गेलेलं सील, भरून वाहणारा ट्रे, आणि सगळ्यात कॉमन म्हणजे गार्ड (मशीनचं संरक्षक झाकण) उघडा ठेवून मशीन चालवणं, त्यानं कूलंट सगळीकडे उडतं. जॉब, म्हणजे मशीनवर कापलेला तुकडा, काढून तसाच ठिबकत ठिबकत बिनपर्यंत (पेटीपर्यंत) नेतात, मधे एक जाळीचा ट्रे ठेवा. एवढं केलं तरी फरशी बरीचशी कोरडी राहते.

भुसा टाकायला हरकत नाही पण तो लगेच उचलायचा. पडून राहिला की वरून कोरडा दिसतो, खाली तेलाचा चिखल तसाच असतो, म्हणजे उघड्या तेलापेक्षा फसवा, आणि शेजारी ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असतील तर आग लागायला वेळ लागत नाही. तेलकट भुसा आणि चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका आणि तो डबा रोज रिकामा करा.

चिप्स हातानं काढायच्या नाहीत, मशीन बंद करून हुकनं आणि ब्रशनं काढायच्या. हातमोजे घालून फिरत्या चकजवळ (जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) जाणं तर आणखी वाईट, मोजा अडकला की हात आत ओढला जातो. एअर गननं चिप्स उडवायची सवय पण मोडा, शेजारच्याच्या डोळ्यात जातात.

आता मालक. चालू मशीनखाली हेल्परला झाडू घेऊन घालणं हाच अपघात आहे, कुठला भाग कधी हलेल हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! १९४८च्या कारखाना कायद्यातल्या कलम ३२ मध्येच होतं की फरशी, जिने, येण्याजाण्याच्या वाटा अडथळ्याविना आणि घसरायला होईल असं काही न सांडलेल्या ठेवायच्या, म्हणजे ही जबाबदारी मालकाची, हेल्परची नाही. ऑपरेटरचं मला अर्धं पटतं, शिफ्ट सुटल्यावर फुकटात कोण थांबेल? शिफ्टमधलीच शेवटची दहा मिनिटं द्या, मशीन बंद, ज्याचं मशीन त्यानं साफ करायचं. मालकांना सांगा, पोरगा घसरला त्या दिवशी प्रॉडक्शन किती वेळ बंद होतं ते आठवा.

फाइव्ह एसचे (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचे) बोर्ड पण खूप शॉपमध्ये दिसतात, बोर्ड चकचकीत आणि खाली पाय ठेवला की सर्र! खंडेनवमीला मात्र सगळे मिळून मशीन पुसतात, झेंडूचे हार घालतात, तेव्हा कोणी म्हणत नाही माझं काम नाही.

आणि हो, इलेक्ट्रिक पॅनल आणि फायर एक्स्टिंग्विशरसमोर बिन, पॅलेट ठेवलेत का बघा. असतील तर आजच हलवा आणि तिथं पिवळा पट्टा मारा.