बटाटा मूळचा कुठला आणि जगभर कसा पोचला?

मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, म्हणजे आजचं पेरू-बोलिव्हिया, टिटिकाका सरोवराच्या आसपास. तिथले लोक हजारो वर्षं तो पिकवत होते, रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत गोठवायचा, दिवसा पायाने तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचा, अशा वाळवलेल्या बटाट्याला चुन्यो म्हणतात, तो वर्षानुवर्षं टिकतो. १५३२ नंतर स्पॅनिश लोकांनी तिथलं इंका साम्राज्य जिंकलं आणि मग जहाजांतून बटाटा आधी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवर नि तिथून युरोपात गेला, १५६७ मध्ये कॅनरीतून आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पला पाठवल्याची नोंद आहे.

पण युरोपात लगेच चालला नाही हं. लोक संशयाने बघायचे हे खरंच, पण मला विचाराल तर खरी अडचण दिवसाच्या लांबीची होती, अँडीजच्या जातींना कंद धरायला साधारण बारा तासांचा दिवस लागतो आणि उत्तर युरोपात उन्हाळ्यात दिवस खूप मोठा, त्यामुळे कंद धरेपर्यंत थंडी पडायची. मोठ्या दिवसांत येणाऱ्या जाती तयार व्हायला बराच काळ गेला. फ्रान्समध्ये पार्मांतिए नावाच्या माणसाने प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या कैदेत बटाटे खाल्ले आणि सुटल्यावर त्याचा जोरदार प्रचार केला.

आपल्याकडे पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणला. तरी उपासाला चालतो, ते कसं काय देव जाणे!