काउंटच्या आधी ताप विचार

मुंबई, जुलै

प्रिय डॉक्टर,

हिमॅटोलॉजीच्या, म्हणजे रक्तविकारांच्या वॉर्डात पहिल्याच पंधरवड्यात तुला पडलेला प्रश्न रास्त आहे: केमोथेरपीचा एक थेंबही अंगात गेलेला नसताना ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा रुग्ण जंतुसंसर्गाने इतक्या झपाट्याने का ढासळतो? उत्तर रिपोर्टातच असते, फक्त आपण ते भलत्या ओळीत शोधतो. पांढऱ्या पेशी 80,000 आहेत हे वाचून नातेवाइकांना धीर येतो. प्रत्यक्षात त्यांतल्या बहुतेक ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी असतात आणि त्या जंतूंशी लढत नाहीत. म्हणून एकूण आकडा बाजूला ठेवून न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती ते आधी काढ. ते 500च्या खाली गेले की धोका चढतो, 100च्या खाली फारच चढतो, आणि ते किती दिवस खाली राहतात यावरही बरेच ठरते. ल्युकेमियातला हा संबंध जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी 1966 साली दाखवला.

मायलोमा हा रक्ताचा दुसरा कॅन्सर मात्र या आकड्यात बसत नाही. तिथे न्यूट्रोफिल पुष्कळदा ठीक असतात, कामाच्या अँटिबॉडी कमी पडतात, आणि निदानानंतरचे पहिले तीन महिने विशेष धोक्याचे असतात. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, अशा नव्या रुग्णांना 12 आठवडे लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिल्यावर ताप आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण घटले. ते वाचून इथे तेच सरसकट सुरू करू नकोस. आपल्याकडे आतड्यातले जंतू या औषधाला अनेकदा दाद देत नाहीत, आणि लपलेला क्षयरोग असला तर हे औषध त्याला अर्धवट दाबून निदान लांबवते. हिपॅटायटिस बीची तपासणी उपचार सुरू होण्याआधी झालीच पाहिजे, हे तुला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी रेसिडेंट असताना रात्री दोन वाजता एका नुकत्याच निदान झालेल्या मुलाचे वडील सांगत आले की पोराला कणकण होती, पण पॅरासिटामॉल दिल्यावर उतरली. थर्मामीटर 99 दाखवत होता. सकाळी राउंडला बघू, असे मी म्हटले. सकाळी त्याचा रक्तदाब लागत नव्हता. तो आयसीयूतून परत आला, ही त्याची चिवटाई. माझे श्रेय त्यात काही नाही.

तेव्हा एकदाच 101 फॅरनहाइट भरला किंवा 100.4 तासभर टिकला, की ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) घे आणि तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू कर. रिपोर्टची वाट पाहू नकोस. स्टेरॉइड चालू असेल तर ताप मुळीच न येण्याचीही शक्यता असते, अशा वेळी नाडी, श्वास आणि पेंगणे यांवर विश्वास ठेव. न्यूट्रोफिलच नसतील तर पू होत नाही, एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. हिरड्या, काखा, सलाईनची जागा आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा डोळ्यांनी पाहा, पण गुदद्वारात बोट किंवा थर्मामीटर घालू नकोस. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोच्या चाचण्या अवश्य पाठव; त्यांच्यासाठी अँटिबायोटिक मात्र अडवून ठेवायचे नाही.

केसपेपरवर न येणारा एक प्रश्न प्रत्येकाला विचार: आज रात्री राहणार कुठे? कोणी दादरच्या धर्मशाळेत असतो, कोणी परळच्या फुटपाथवर, कोणी कर्जतला परत जातो. शेवटची लोकल गेल्यावर ताप चढला तर तो इथपर्यंत कसा पोहोचणार, हे निदानाच्याच दिवशी ठरलेले असावे. खोलीच्या भिंतीला ओल आणि बुरशी आहे का, शेजारची इमारत पाडली जात आहे का, हेही विचार, कारण ॲस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू त्या धुळीतून येतात. घरच्यांना गर्दी टाळायला सांगताना आजी-आजोबांना दारात अडवायला लावू नकोस. खोकला-सर्दी नसलेल्यांनी हात धुऊन भेटावे, इतकेच पुरे. कॅज्युअल्टीत दाखवायला एक चिठ्ठी लिहून दे: रक्ताचा कॅन्सर, ताप आहे, रांगेत बसवू नये.

पॅरासिटामॉल आधी ताप मोजून आणि आपल्याला कळवूनच द्यायची, हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागेल. काल दाखल झालेल्या मुलीच्या आईला उद्या थर्मामीटर हातात दे आणि आकडा तिने स्वतः वाचून दाखवेपर्यंत तिच्याजवळून उठू नकोस.

तुझी,
मॅडम